ड्यूई बॉग्जची मध्यम वाट

हिकरी गॅप पार्कातल्या कड्यावरच्या वाटेला ज्याने 'मध्यम' ठरवलं, त्याने ती बहुधा ऑफिसात बसून, पाय टेबलावर ठेवून ठरवली असावी. वाट गोल आहे. गाड्या लावायच्या मैदानातून निघते, डोंगराला वळसा घालते आणि परत त्याच मैदानात आणून सोडते. जितकं चढलं तितकंच उतरणं यायला हवं, हे मी शाळेत पोरांना फळ्यावर सिद्ध करून दाखवते. वेस्ट व्हर्जिनियात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण या वाटेवर मला उतार म्हणावा असा फारसा भेटलेला नाही.

दर शनिवारी सकाळी मी आणि ड्यूई बॉग्ज इथे पळतो. 'पळतो' हा शब्द आम्ही दोघंच वापरतो. एकदा एक बाई कुत्रं फिरवत आमच्या शेजारून पुढे निघून गेली, आणि ते कुत्रं लंगडं होतं. ड्यूईने तिला हात करून जाऊ दिलं, जणू त्यानेच तिला रस्ता दिला.

माझं खरं नाव वृंदा. इथल्या जिभांना ते झेपलं नाही, म्हणून आल्या आल्या माझी ब्रेंडा झाली. हे बारसं केलं ड्यूईच्या बायकोने, ओलेटाने. आमची घरं शेजारी शेजारी. नवी असताना मी हौसेने मक्याचा पाव भाजून तिला नेऊन दिला होता. तिने एक घास खाल्ला, नीट चावला आणि म्हणाली, "कोंबड्यांना चालेल." लोक तिला फटकळ म्हणतात, पण ते तितकंसं खरं नाही. तिला खोटं बोलता येत नाही, एवढंच तिचं दुखणं आहे. इथे माणूस गेला की त्याला सूट घालून, गालाला रंग लावून पेटीत ठेवतात आणि येणारा प्रत्येक जण म्हणतो, "किती छान दिसतोय! झोपल्यासारखा!" ओलेटाने एकदा पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "मेल्यासारखा दिसतोय." तेव्हापासून त्या घराण्याने तिच्याशी बोलणं टाकलंय.

अशा बाईच्या पदरात देवाने ड्यूई टाकला. ड्यूईने जन्मभर शाळेची बस चालवली. गावातलं चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस त्याच्या बसमधून गेलेलं आहे, आणि त्यातलं प्रत्येक जण कधी ना कधी मागच्या सीटवर रडलेलं आहे. त्यांना गप्प करायला ड्यूईकडे एकच वाक्य होतं. घर अजून तीन डोंगर पलीकडे असलं तरी तो आरशात बघून म्हणायचा, "आता आलंच!" पोरं डोळे पुसायची. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. या एका थापेवर त्याने पिढ्याच्या पिढ्या घरी पोचवल्या.

बस सुटली, सवयी सुटल्या नाहीत. रेल्वेचं फाटक आलं की शाळेची बस थांबवायची, दार उघडायचं, कान द्यायचा आणि मग पुढे जायचं, असा नियम. आमच्या वाटेवर ओढ्यावर एक लाकडी पूल आहे. ड्यूई त्या पुलापाशी थांबतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, कान देतो. त्या ओढ्यातून आजवर एकही आगगाडी आलेली नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा ओलेटाने त्याला एक मोठी, मागे रेलणारी, पाय वर करणारी खुर्ची आणली. ड्यूई त्या खुर्चीत जो बसला तो अख्खा हिवाळा उठला नाही, आणि हिवाळा संपता संपता त्याच खुर्चीत त्याच्या छातीत कळ आली. इस्पितळात नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली, घरी पाठवलं. डॉक्टरने सांगितलं, "मध्यम व्यायाम करा. रोज. अवघड काही नको."

दुसरा कुणी असता तर मध्यम म्हणजे किती, असं विचारून आला असता. पण ड्यूई पडला सरकारी माणूस. तपकिरी पाटीवर पांढऱ्या अक्षरात लिहिलेली गोष्ट त्याच्या लेखी ब्रह्मवाक्य, आणि तो शब्द कुठल्या पाटीवर लिहिलाय हे त्याला पाठ होतं. तो थेट पार्कात गेला, वाटेच्या तोंडाशी असलेल्या पाटीचा फोटो काढला आणि ओलेटापुढे धरला.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"मध्यम."

"आणि हे काय लिहिलंय?"

ओलेटाने चष्मा लावला, वाचलं. तिचे गुडघे कधीचेच गेलेले, त्यामुळे त्या वाटेवर तिने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. जिला स्वतःला खोटं बोलता येत नाही, तिच्या डोक्यात पाटी खोटं बोलेल हे कसं येणार? "सरकारने लिहिलंय म्हणजे मोजूनच लिहिलं असेल," ती म्हणाली. "पण एकट्याने जायचं नाही. ब्रेंडा येईल बरोबर." ब्रेंडाला विचारायची पद्धत आमच्या आळीत नाही.

पहिल्याच शनिवारी मला कळलं की मी कशाला होकार दिलाय, म्हणजे दिलेला नाही. वाटेच्या मधोमध एक उभं टेकाड आहे. दोन्हीकडून चढ. त्याला सगळे 'पाद्रीची चढण' म्हणतात, कारण चर्चच्या एका सहलीत तिथे आमच्या पाद्रीबुवांच्या तोंडून असा एक शब्द निघाला, की पुढचे दोन रविवार त्यांनी जिभेवर ताबा ठेवण्याबद्दल प्रवचन दिलं. वर ओल्या पानांखाली मुळं लपलेली असतात आणि दगड असे, की पाय ठेवला की सरकतात. मी धापा टाकत म्हटलं, "ड्यूई, हे मध्यम आहे?"

"पाटीवर लिहिलंय ना," तो म्हणाला, आणि झाडाला धरून उभा राहिला.

पण खरं सांगते, चढणीच्या डोक्यावर पोचल्यावर त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं असे. खुर्चीतला ड्यूई एखाद्या पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. इथे तो घामेजलेला, नाक वाहणारा, आणि खूश. मलाही त्याच्यासाठी बरं वाटायचं. म्हणून मी पुढच्या शनिवारी पुन्हा आले, आणि येतच राहिले.

पाटीवर बाणही आहे, कुठल्या बाजूने जायचं ते सांगणारा. शब्द ब्रह्मवाक्य मानणारा ड्यूई बाणाला मात्र भीक घालत नाही. तो उलटा पळतो. "बाणाच्या दिशेने गेलं की नुसती लोकांची पाठ दिसते," तो म्हणतो. "मला तोंडं बघायची सवय." उलटं गेल्यामुळे समोरून येणारा प्रत्येक जण भेटतो. शहरातून आलेले, नवे कोरे बूट घातलेले, लाल झालेले, काठीवर ओठंगलेले. प्रत्येकाला ड्यूई हात वर करून, तोंडभर हसून सांगतो, "आता आलंच!"

कुठे आलं, हे तो सांगत नाही. लोकही विचारत नाहीत. त्यांचे डोळे चमकतात. ते बाटलीतलं शेवटचं पाणी घटाघटा पितात, उरलेला खाऊ फस्त करतात आणि दुडक्या चालीने पुढे जातात. पुढे पाद्रीची चढण असते.

याचे व्हायचे ते परिणाम झाले. पार्काची रेंजर हेली प्रूइट. हीसुद्धा ड्यूईच्याच बसमधली. एका शनिवारी आम्ही पोचलो तर ती वाटेच्या तोंडाशी ड्रिल घेऊन उभी, आणि पायाशी एक नवी पाटी पालथी.

"ड्यूईकाका," ती म्हणाली, "वरून हुकूम आलाय. ही वाट आता 'अवघड'मध्ये टाकायची. माझ्या हातात काही नाही."

"तुझ्या हातात ड्रिल आहे, पोरी. खाली ठेव ते."

"तक्रारी फार आल्यात हो. हे ऐका." तिने खिशातून छापलेला कागद काढला. "कोलंबसहून आलेलं एक जोडपं लिहितंय, वाट मध्यम अजिबात नाही. शिवाय उलट्या दिशेने येणाऱ्या, नारिंगी जाकिटातल्या एका म्हाताऱ्याने 'आता आलंच' म्हणून सांगितलं, त्यावर आम्ही पाणी पिऊन संपवलं, आणि नंतर गाडी दिसेपर्यंत बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही."

ड्यूईने स्वतःच्या नारिंगी जाकिटाकडे बघितलं. "अशी जाकिटं पुष्कळांकडे असतात. शिकारीचा मोसम आहे, सगळे शिकारी हीच घालतात."

"अशा तक्रारी एक नाही, ढीगभर आहेत. सगळ्यांत जाकीट आहे."

"मी धीर देत होतो त्यांना!"

"तुमच्या धीरापायी मला माणसं खांद्यावरून खाली आणावी लागतात, काका."

आपल्याच तोंडाने आपली पाटी घालवली, हे ड्यूईच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मग त्याने शेवटचा बाण काढला. "हेली, बालवाडीत असताना तू माझ्या टोपीत उलटी केली होतीस. मी आजवर कुणाला बोललो?"

"आत्ता बोललात की! ब्रेंडाबाईंसमोर!"

"ओलेटाला कळलं तर मला त्या खुर्चीतून उठू देणार नाही गं ती." आता त्याच्या आवाजात गंमत नव्हती. "मध्यम आहे म्हणून येऊ देते. नुसत्या त्या एका शब्दावर येतो मी इथे."

हेलीने ओठ चावला. ती पाटी लावणारच होती, पण सोमवारी लावली असती तर काही बिघडलं नसतं, असं तिच्या मनात आलेलं मला दिसत होतं. तेवढ्यात मैदानात ओलेटाची गाडी शिरली. ड्यूई सकाळची गोळी टेबलावर विसरला होता. ती गोळी घेऊन आली होती, आणि रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून पेपरोनी सॉसेज भरलेले गरम पावही.

ती आली, पिशवी माझ्या हातात दिली, आणि पालथी पाटी बघून तिने ती सुलटी केली. इथल्या बाईला पालथं पडलेलं काही बघवत नाही.

"अवघड," तिने वाचलं. मग खांबावरची जुनी पाटी वाचली. "वाट बदलली का गं, हेली?"

"नाही, ओलेटाकाकू. वाट तीच आहे."

"मग काल मध्यम होती ती आज अवघड कशी झाली?"

"ती आधीपासूनच तशी—" हेली मध्येच थांबली, आणि ड्रिलकडे बघू लागली. 

"ओलेटा, त्याचं असं आहे," ड्यूईने सुरुवात केली.

"तू गाडीत बस." मग ती माझ्याकडे वळली. "तू चढली आहेस ना ही? कशी आहे?"

"अवघड आहे," मी म्हटलं. तिच्यापुढे दुसरं काही म्हणता येत नाही.

ओलेटा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "त्या खुर्चीत हा निळा पडला होता," ती म्हणाली. "तुम्ही दोघींनी नाही बघितलं. मी बघितलंय." मग तिने आम्हाला दोन दोन पाव दिले, कारण गरम होते आणि वाया घालवायचे नव्हते, आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. पाव चांगले झाले होते. हेलीने रडत रडत दोन खाल्ले, मग पाटी लावली.

पुढचे काही शनिवार मी एकटीच पळाले. बाणाच्या दिशेने, लोकांच्या पाठी बघत. ड्यूईला भेटायला गेले की तो खुर्चीत असायचा, पाय वर, गुडघ्यांवर ओलेटाने शिवलेली गोधडी. टीव्हीवर मासे पकडण्याचा कार्यक्रम. माशांचीसुद्धा हालचाल त्याच्यापेक्षा जास्त होती.

"कसं काय, ड्यूई?"

"छान. आरामात." ओलेटा स्वयंपाकघरात भांडी घासत होती, म्हणून तो हळू बोलला. "ब्रेंडा, मला वाटेवर कधी मरणाची भीती वाटली नाही बघ. इथे वाटते. ही खुर्ची मागे रेलली की त्या दिवसासारखंच छत दिसतं. पण हिने एवढ्या हौसेने आणलीय. हिला कसं सांगू?"

भांड्यांचा आवाज थांबला होता. त्या घराच्या भिंती पातळ आहेत, आणि हळू बोलणं ड्यूईला बसच्या इंजिनाने कधी शिकूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओलेटा डॉक्टरपुढे जाऊन बसली. हे तिने मला नंतर सांगितलं, शब्दन् शब्द, कारण ती काही गाळत नाही. तिने विचारलं, मध्यम म्हणजे काय? डॉक्टर म्हणाला, पाटीचा आणि माझा काही संबंध नाही, बाई. व्यायाम करताना माणसाला बोलता आलं म्हणजे मध्यम. बोलता येईनासं झालं की जास्त झालं, थांबायचं. वाट कुठली का असेना.

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

दुसऱ्या कुणी 'बोलता आलं म्हणजे मध्यम' याचा जेवढ्यास तेवढा अर्थ घेतला असता. ओलेटाने तो अक्षरशः घेतला. बोलता आलं पाहिजे? ठीक आहे, बोलू दे. तिने माळ्यावरून हरणाच्या शिकारीच्या वॉकीटॉकीची जोडी काढली, कारण आमच्या डोंगरात मोबाईलला मैदानातसुद्धा सिग्नलची एक रेघ मिळत नाही. शनिवारी ती स्वतः गाडी घेऊन आली. गोधडी पायावर, थर्मासात कॉफी, एक वॉकीटॉकी तिच्या मांडीवर, दुसरा ड्यूईच्या गळ्यात.

"निघाल्यापासून परत येईपर्यंत तोंड चालू ठेवायचं," तिने त्याला बजावलं. "आवाज बंद झाला की पळणं बंद. आणि ब्रेंडा, तू मध्ये बोलायचं नाहीस. तुझ्या आवाजाशी मला काय करायचंय? तुला काही झालेलं नाही."

झालं. तेव्हापासून मी जी शिक्षा भोगतेय ती मला कुठल्या पापाबद्दल मिळाली, मला माहीत नाही. ड्यूई अखंड बोलतो. बोलायला काही उरलं नाही की तो जुना बसचा रस्ता म्हणतो. "आला टॅनर्स रन! दप्तरं घ्या! मागे कोण उभं आहे, खाली बसा!" जंगलातल्या खारी पळून जातात. मला पळता येत नाही.

सर्वांत मोठी पंचाईत समोरून येणाऱ्या लोकांची. बायको ऐकतेय म्हटल्यावर 'आता आलंच' म्हणायची सोय राहिली नाही. धापा टाकणारं एखादं जोडपं आशेने विचारतं, "अजून किती?" ड्यूई केविलवाण्या चेहऱ्याने सांगतो, "पुष्कळ आहे हो. पुढे चढण आहे, वाईट आहे. पाणी जपून प्या." त्यांचे खांदे पडतात. हेली सांगत होती की आता नव्या तक्रारी येऊ लागल्यात, नारिंगी जाकिटातला एक म्हातारा लोकांचा धीर खचवतो म्हणून.

तर असाच एक शनिवार. आदल्या दिवशी पाऊस झालेला, पानं सगळी गळून वाटेवर पसरलेली. पाद्रीच्या चढणीवर ड्यूई बसचे थांबे म्हणत होता. टॅनर्स रन झाला, जुनी गिरणी झाली, आणि त्यापुढचा थांबा आलाच नाही.

मी मागे वळून बघितलं. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला. तोंड उघडं, पण आत नुसती हवा. चेहऱ्याचा लाल रंग उतरून राखेसारखा झालेला. मी त्याला दंडाला धरून दगडावर बसवलं.

"ड्यूई?" वॉकीटॉकी खरखरला.

मी बटण दाबून तो त्याच्या तोंडाशी धरला. त्याने ओठ हलवले. शब्द निघाला नाही. मी बटण सोडलं.

"ड्यूई, बोल." मग, "ब्रेंडा, तू नको. मला त्याचा आवाज दे."

खाली धावत जावं तर याला सोडायचं कसं, आणि बटण दाबून मी काय सांगणार होते? बसलाय, पांढरा पडलाय, मला भीती वाटतेय? मी त्याचा हात धरून नुसती उभी राहिले. खाली मैदानात, गोधडी पायावर घेऊन ती त्या यंत्राकडे बघत बसली असणार.

मग तिचा आवाज आला. इतका लहान, की आधी मला तो तिचा वाटलाच नाही.

"ड्यूई. आता आलंच."

आम्ही धड अर्ध्यावरही नव्हतो. ती त्या वाटेवर जन्मात आलेली नव्हती, आम्ही कुठे आहोत हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ज्या बाईने पेटीतल्या माणसालाही बरं म्हटलं नाही, ती म्हणत होती, "आता आलंच रे. पुढचं वळण, की आलंच. ऐकतोयस ना? आलंच."

ड्यूई त्या वॉकीटॉकीकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं. मग कळलं की तो हसतोय. हसता हसता खोकला आला, खोकल्याबरोबर श्वास आला, डोळ्यांतून पाणी आलं. त्याने माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतला, बटण दाबलं.

"खोटारडी," तो म्हणाला.

पलीकडे खरखर. मग कुणीतरी जोरात नाक शिंकरल्याचा आवाज.

"बोललास ना?" ओलेटा म्हणाली. "मग मध्यमच आहे. चालत ये, सावकाश."